आधी पाळणा, मग वरात: एका चित्रप्रकाराची प्रस्तावना

प्रेमाची विनोदी गोष्ट म्हणजे लांबण लावण्याची कला. नायक-नायिका भेटतात तिथेच त्यांचं जमणार हे प्रेक्षकाला उमगलेलं असतं. उरलेले दोन तास त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायला लेखक-दिग्दर्शक जी खटपट करतात, तिच्यासाठी आपण तिकीट काढतो. गैरसमज, भलत्याच हाती पडलेली चिठ्ठी, दुसरीकडे ठरलेला साखरपुडा, हटून बसलेला बाप. हे सगळे अडथळे हवे तितके ताणता येतात. बाप आज विरघळला काय आणि पुढच्या चैत्रात विरघळला काय, गोष्टीचं काही बिघडत नाही. गर्भाला मात्र अशी ताणाताण मानवत नाही. तो आपल्या हिशेबाने वाढतो, पटकथाकाराला विचारत नाही. प्रणयकथेचा सैल काळ आणि गर्भारपणाचा करकचून बांधलेला काळ जिथे एकमेकांवर आदळतात, तिथे एक वेगळाच चित्रप्रकार उभा राहतो. त्यात दिवस आधी जातात, ओळख नंतर होते आणि प्रेम, जमलंच तर, त्याच्याही नंतर.

पुढच्या पानांत या चित्रप्रकाराचा अभ्यास आहे. त्यात नव्याने येणाऱ्यांचं स्वागत करताना त्यांच्या हाती एकच गोष्ट द्यावीशी वाटते: कॅलेंडर. कोण कोणावर प्रेम करतं हे नंतर पाहू. आधी किती आठवडे झाले, कुणाला कधी कळलं आणि कायद्याने किती मुदत उरली आहे, हे टिपून घ्या. पात्रं का पळतात, का खोटं बोलतात, मध्येच का लग्नाची मागणी घालतात, याची निम्मी उत्तरं तिथे सापडतात.

हा सगळा मामला गर्भनिरोधक गोळीनंतरच्या मोकळ्या जगातला, असं समजून जो येईल त्याने आधी मिनँडर वाचावा. इसवीसनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्समध्ये नाटकं लिहिणाऱ्या या माणसाचं 'सामिया' हे नाटक इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांमुळे विसाव्या शतकात आपल्या हाती आलं. मोस्कियोन नावाचा तरुण. बाप परगावी गेलेला असताना शेजारच्या मुलीला त्याच्यापासून मूल होतं. ते मूल बापाची रखेल क्रिसिस आपलं म्हणून सांभाळते. बाप परत येतो. मुलाचा बाप मोस्कियोन आहे एवढं त्याच्या कानावर पडतं, आई कोण ते पडत नाही. आणि तो आपल्याच पोरावर नको तो संशय घेऊन क्रिसिसला घराबाहेर काढतो. अर्धी माहिती, तीही चुकीच्या वेळी. दोन हजार वर्षांनंतरही या प्रकाराची विनोदनिर्मिती याच भांडवलावर चालते. रोमन नाटककार टेरेन्सच्या 'आंद्रिया'त (इ.स.पू. १६६) तर नायिकेला आत वेणा सुरू आहेत, ती ज्यूनो ल्युसिना या प्रसूतीच्या देवीचा धावा करते आहे, आणि बाहेर उभा असलेला नायकाचा बाप ठामपणे समजतो की हे सगळं सोंग आहे.

नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ च्या 'अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम'मध्ये सुखात्मिकेचा जो आराखडा मांडला, तो याच नाटकांवरून: तरुणाला तरुणी हवी, वडीलधारी सत्ता आडवी येते, शेवटी एक कलाटणी आणि लग्न. अभ्यासकांना हा आराखडा अजून उपयोगी पडतो. फक्त एक गोष्ट विसरू नये. त्या नाटकांतली ती मुलगी बहुतेक वेळ रंगमंचाबाहेर असते, आणि मिनँडरच्या काही नाटकांत तिचं गर्भारपण उत्सवाच्या रात्री झालेल्या बलात्कारातून आलेलं असतं. हशाच्या तळाशी हे आहे, आणि ते पाहूनच पुढे जायचं आहे.

आपल्याकडे तर संगीत रंगभूमीचा नारळच अशा कथेने फुटला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. गरोदर शकुंतला दुष्यंताच्या दरबारात उभी राहते आणि राजाला ती आठवतच नाही, हा प्रसंग मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला आहे. शापाची सोय करून कालिदासाने राजाला दोषातून सोडवलं, हे संस्कृतच्या अभ्यासकांनी पुष्कळदा सांगितलं आहे. आता हीच गोष्ट उलटी करून पाहा: विसरणारी ती, आणि विसरला गेलेला तो. हॉलिवूडमध्ये कुणीतरी नेमकं हेच केलं, तेही सर्वांत कडक सेन्सॉरशिपच्या काळात.

प्रेस्टन स्टर्जेसच्या 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक'चं चित्रीकरण १९४२ च्या अखेरीस झालं आणि चित्रपट लागला १९४४ च्या जानेवारीत. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या सेन्सॉर कार्यालयाच्या मंजुरीशिवाय मोठ्या स्टुडिओंचा चित्रपट अमेरिकेतल्या पडद्यावर येत नसे. विवाहबाह्य संबंधांना आकर्षक रूप द्यायचं नाही, हा त्या कार्यालयाच्या नियमसंहितेचा एक खांब. स्टर्जेसने काय केलं? गावातली ट्रूडी (बेटी हटन) युद्धावर निघालेल्या सैनिकांच्या निरोपाच्या पार्टीला जाते, नाचताना तिच्या डोक्याला मार बसतो, सकाळी तिला एवढंच आठवतं की आपण कुणाशीतरी लग्न केलं. त्याचं नाव झेडसारख्या अक्षरांनी भरलेलं, अडखळत उच्चारावं असं काहीतरी होतं. म्हणजे सेन्सॉरला हवं ते लग्न दिलं आणि नवरा काढून घेतला! मग दिवस गेल्याचं कळतं. मदतीला येतो नॉर्व्हल, गावातला साधाभोळा, रक्तदाबामुळे सैन्याने नाकारलेला, ट्रूडीवर लहानपणापासून जीव असलेला मुलगा. त्या हरवलेल्या नवऱ्याच्या नावाने, उसन्या गणवेशात तो तिच्याशी खोटं लग्न करायला जातो आणि एकामागून एक गुन्ह्यांत अडकतो. शेवटी नाताळात ट्रूडीला एकाच वेळी सहा मुलगे होतात. सहा! गव्हर्नर फोनवरून कायदाच वाकवतो, नॉर्व्हल रातोरात सन्माननीय नवरा ठरतो आणि बातमी जगभर जाते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हिटलर फेरमोजणी मागतो.

हा शेवट निव्वळ वेडेपणा नाही. एका बिनबापाच्या मुलाने गावाची अब्रू जाते, सहांनी देशाची अब्रू वाढते, हा युद्धकाळातला हिशेब स्टर्जेसने प्रेक्षकांपुढे सरळ मांडला आहे. गरोदर पोट मात्र चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही. ते दाखवण्याची परवानगी नव्हती, म्हणून सगळा भार संवादांवर आणि धावपळीवर. नुसती पात्रांची धावण्याची गती मोजली तरी लेख होईल. आजच्या प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी जागाही इथेच आहे. डोक्याला मार लागलेल्या, काही न आठवणाऱ्या मुलीच्या बाबतीत त्या रात्री नेमकं काय घडलं, हा प्रश्न चित्रपट इतक्या वेगाने ओलांडतो की विचारायला फुरसत मिळत नाही. मिनँडरच्या उत्सवाच्या रात्रीपासून ही रात्र फार दूर नाही.

त्यानंतरची सहा दशकं मी भराभर ओलांडणार आहे. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. १९६३ च्या 'लव्ह विथ द प्रॉपर स्ट्रेंजर'मध्ये नॅटली वुड आणि स्टीव्ह मॅक्वीन बेकायदा गर्भपाताच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात. चित्रपट अर्धा विनोदी आहे, तो प्रसंग अजिबात नाही. १९६८ मध्ये जुनी संहिता गेली. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' या गर्भपाताच्या खटल्यातल्या निकालाने गर्भारपणाचे तीन तिमाही भाग पाडून कायद्याला आठवड्यांच्या भाषेत बोलायला लावलं. १९९५ चा 'नाइन मन्थ्स' नावातच मुदत घेऊन आला. तो फ्रेंच चित्रपटावरून बेतलेला. त्यात ह्यू ग्रँट घाबरतो आणि रॉबिन विल्यम्सचा रशियन डॉक्टर गोंधळ घालतो. यापलीकडे त्यात रेंगाळण्यासारखं फारसं नाही.

रेंगाळायचं आहे २००७ मध्ये. त्या एका वर्षात अमेरिकेत या विषयाचे तीन विनोदी चित्रपट आले आणि तिघांनी तीन वेगळे शेवट निवडले.

जड अ‍ॅपटॉवच्या 'नॉक्ड अप'मध्ये टीव्हीवर नुकतीच बढती मिळालेली अ‍ॅलिसन (कॅथरिन हायगल) आणि मित्रांच्या घोळक्यात गांजा ओढत पडलेला बेन (सेथ रोगन) एका रात्री भेटतात. गर्भ राहतो तो निव्वळ भाषिक अपघातातून. कंडोम चढवताना बेन अडखळतो, ती कंटाळून 'आता कर एकदाचं' अशा अर्थाचं काही बोलते, तो ते अक्षरशः घेऊन कंडोम फेकून देतो. प्रहसनातल्या गैरसमजाने इथे शरीरात मुक्काम केला. गर्भपाताचा विषय निघतो तेव्हा मित्रमंडळी तो शब्द उच्चारत नाहीत, त्याच्याशी यमक जुळणारं काहीतरी बडबडतात. अ‍ॅलिसनची आई मात्र थंडपणे सुचवते की हे मिटवून टाक, पुढे खरं मूल होईल. चित्रपटाचा निर्णय त्या आईला अप्रिय करून घेतलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे भूकंपाचा हलका धक्का बसतो तेव्हा बेन आधी आपलं गांजा ओढण्याचं भांडं वाचवतो. नऊ महिन्यांत या माणसाचा बाप करायचा, हे कथेचं काम.

समीक्षक डेव्हिड डेन्बी यांनी त्याच वर्षी 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलं की होतकरू बाई आणि आळशी पुरुष ही या काळाची नवी जोडी आहे. खुद्द हायगलनेच हा चित्रपट थोडा पुरुषी पूर्वग्रहाचा असल्याचं पुढे एका मुलाखतीत म्हटलं. दोघांचंही खरं आहे. तरी बेनच्या बाजूने एवढं सांगायला हवं की तो शेवटी जे करतो ते अगदी गद्य आहे: नोकरी धरतो, भाड्याची खोली घेतो, बाळंतपणाची पुस्तकं वाचतो. प्रियाराधनाचं इतकं घरगुती रूप हॉलिवूडमध्ये क्वचित दिसतं.

'जुनो'चं (दिग्दर्शक जेसन राइटमन, ऑस्कर मिळालेली पटकथा डायब्लो कोडीची) वेळापत्रक ऋतूंचं आहे. शरद, हिवाळा, वसंत अशी वर्गवारी करत सोळा वर्षांची जुनो (एलियट पेज) मूल दत्तक द्यायचं ठरवते. घटस्फोट होतो तो दत्तक घेणाऱ्या जोडप्याचा, आणि मूल त्यातल्या एकट्या बाईकडे जातं. एड्रियन शेलीच्या 'वेट्रेस'मध्ये 'पाय' नावाचा पदार्थ भाजणारी जेना (केरी रसेल) मुलीचा चेहरा पाहताच त्रास देणाऱ्या नवऱ्याला तिथेच, बाळंतपणाच्या खाटेवरून हाकलते. म्हणजे फ्रायच्या आराखड्यात लग्नाने संपणारी सुखात्मिका इथे लग्न मोडून संपते आणि तरी ती सुखात्मिका राहते. त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात सुवर्णताड मिळवलेला क्रिस्तियान मुंजिऊचा रोमानियन चित्रपट याच प्रश्नावर होता. १९६६ च्या हुकमाने गर्भपात बंद केलेल्या देशातली १९८७ ची गोष्ट. नाव '४ महिने, ३ आठवडे आणि २ दिवस'. कॅलेंडर तेच. हसण्याची सोय तेवढी काढून घेतलेली.

या तिन्ही अमेरिकी नायिका गर्भ ठेवतात. याला उत्तर म्हणून जिलियन रोबेस्पियरने आधी २००९ मध्ये लघुपट आणि २०१४ मध्ये 'ऑब्व्हियस चाइल्ड' केला. ब्रुकलिनमधली स्टँड-अप कॉमेडियन डॉना (जेनी स्लेट) गर्भपात करायचं ठरवते आणि त्या निर्णयावर डळमळत नाही. गर्भ अजून फार लहान असल्याने तिला थांबावं लागतं आणि तारीख मिळते व्हॅलेंटाइन डेची. प्रणयकथेचा सण आणि दवाखान्याची वेळ एकाच दिवशी आणून ठेवण्यात जो धीटपणा आहे, तो मला स्टर्जेसच्या सहा मुलग्यांच्या तोडीचा वाटतो. २०२२ मध्ये 'रो' निकाल उलटला. त्याच्या आधीच 'अनप्रेग्नंट' (२०२०) आणि 'प्लॅन बी' (२०२१) मधल्या मुली लांबलांब गाडी हाकू लागल्या होत्या. मुदत आता मैलांत मोजली जाते.

सिद्धान्ताने घाबरून जाऊ नये. स्टॅन्ली कॅव्हेल यांचं 'पर्सूट्स ऑफ हॅपिनेस' (१९८१) सात जुन्या चित्रपटांत नवरा-बायको पुन्हा एकमेकांशी बोलायला कसे शिकतात, हे सांगतं. त्या जोडप्यांना मुलं नाहीत, ही कॅव्हेल यांचीच नोंद आपल्या कामाची सुरुवात ठरू शकते. मूल आलं की ते संभाषण कुणाला परवडतं? कॅथलीन रो यांचं 'द अनरूली वुमन' (१९९५) आणि केली ऑलिव्हर यांचं गर्भारपणाच्या हॉलिवूडी प्रतिमांवरचं पुस्तक (२०१२) ही पुढची वाट. त्यांच्या मागे मिखाइल बाख्तिन उभा आहे. राब्लेवरच्या ग्रंथात तो क्राइमियातल्या केर्च इथल्या भाजक्या मातीच्या मूर्तींचा उल्लेख करतो: म्हाताऱ्या, गरोदर आणि हसणाऱ्या बायका.

त्या मूर्ती मला आठवल्या त्या दिल्लीच्या एका घरात, 'बधाई हो' (२०१८) पाहताना. लग्नाच्या वयाचा मुलगा असलेल्या प्रियंवदेला (नीना गुप्ता) दिवस जातात. विवाह आहे, नवरा आहे, त्याचं तिच्यावर प्रेम आहे, कायद्याची अडचण नाही. तरी सगळी गल्ली, दोन्ही मुलं आणि सासू लाजेने अर्धमेली होतात, कारण या वयात आई-बाप एकत्र झोपतात याचा चालताबोलता पुरावा समोर उभा आहे. भारतीय प्रकाराने परंपरेत घातलेली ही मोलाची भर आहे. लग्नाआधीच्या मुलाची लाज आपल्याकडे सिनेमाने जुनीच केली होती. लग्नानंतरच्या सुखाची लाज कुणी एवढ्या प्रेमाने मांडली नव्हती. आणि सुरेखा सिक्री यांची सासू मेरठच्या लग्नघरात सुनेच्या बाजूने उभी राहून बाकीच्यांची जी कानउघाडणी करते, तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा.

त्याआधी २००५ मध्ये 'सलाम नमस्ते'ने लग्नाविना एकत्र राहणारं जोडपं थेट मेलबर्नला नेऊन ठेवलं. गोष्ट भारतात का घडत नाही, हे पाहायचं तर कायदा काढा. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं, हे कारण त्यात विवाहितेपुरतंच लिहिलेलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आले. चोवीस आठवड्यांपर्यंतची सवलत अविवाहितेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. 'मुंबई-पुणे-मुंबई ३'मध्ये (२०१८) सतीश राजवाडे यांनी गौतम-गौरीच्या घरी 'एवढ्यात नको' असलेलं बाळ आणलं तेव्हा दोघं रीतसर नवरा-बायको होते. मराठी प्रणयपटाने धोका पत्करला, पण मंगळसूत्राच्या आत राहून.

मराठी अभ्यासकाजवळ एक हत्यार मात्र आहे, ते पाश्चात्त्य पुस्तकांत मिळणार नाही: डोहाळे. मध्यरात्री आइस्क्रीम शोधत धावणारा नायक पाहताना आपल्याला डोहाळजेवणाची गाणी आठवतात, आणि भवभूतीच्या नाटकातली सीताही. तिने वनात जाण्याचा डोहाळा सांगितला आणि तोच तिच्या त्यागाचं निमित्त झाला. बाईची इच्छा पुरवणं आणि तिला दूर करणं या दोन्ही गोष्टी एकाच डोहाळ्यात बसतात. या नजरेने 'नॉक्ड अप' अजून कुणी वाचावा.

सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी चित्रपट जोडीने पाहायला सांगतो. स्टर्जेसनंतर लगेच 'बधाई हो'. 'नॉक्ड अप'बरोबर 'सलाम नमस्ते'. 'जुनो'बरोबर समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!' (२०११), कारण दोन्हींत पोटातलं मूल दुसऱ्या कुणासाठी वाढतं आहे. आणि 'ऑब्व्हियस चाइल्ड'बरोबर चित्रपट नव्हे, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचा. तेही खेळाने, थट्टेने सुरू होतं. डॉना स्वतः माइक हातात घेऊन उद्याच्या गर्भपाताबद्दल बोलते आणि समोरचे लोक हसतात. तेंडुलकरांच्या नायिकेचं, बेणारेचं, गर्भारपण दुसरेच लोक बाहेर काढतात, तेच खटला चालवतात आणि तेच शिक्षा ठोठावतात. बोलायला तिला न्यायाधीश दहा सेकंद देतो. ते दहा सेकंद तेंडुलकरांनी रंगमंचावर किती वेळ चालवले आहेत, ते संहितेत मोजून पाहा.